रमाबाईंना शांती केव्हा मिळाली?

पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडात पोचल्या तेव्हा त्या पंचवीस वर्षांच्या होत्या. सोबत दोन वर्षांची मुलगी मनोरमा होती. नवरा वर्षभरापूर्वी गेला होता. आई, वडील, बहीण, भाऊ त्याच्याही आधी गेले होते. वाँटेज गावातल्या एका अँग्लिकन भगिनीसंघाने मायलेकींची सोय केली. रमाबाईंना इंग्रजी पक्के करायचे होते आणि जमल्यास डॉक्टर व्हायचे होते. हा दुसरा बेत पुढे ऐकू कमी येत असल्याने सोडावा लागला.

हवापालटासाठी म्हणून या भगिनींनी त्यांना लंडनच्या फुलहॅम भागातल्या आपल्या एका घरी पाठवले. समाजाने ‘वाया गेलेल्या’ ठरवून टाकून दिलेल्या बायकांचा तिथे सांभाळ होत असे. चांगल्या घरांतल्या, शिकलेल्या भगिनी त्यांच्या शेजारी बसत, त्यांचे दुखणेखुपणे पाहत, त्यांना कामे शिकवत. रमाबाई थक्क झाल्या. धर्मशास्त्रे त्यांच्या अभ्यासातली होती. अशा बाईला कोणती शिक्षा द्यावी, हे त्यांनी त्यांत वाचले होते. तिला जवळ घ्यावे, हे कुठे वाचले नव्हते आणि कोणी घेतलेलेही पाहिले नव्हते. इतकी माया कुठून येते, असे त्यांनी एका भगिनीला विचारले. तिने योहानाच्या शुभवर्तमानातला चौथा अध्याय काढून दिला. विहिरीवर पाणी भरायला एकटीच आलेली, पाच नवरे झालेली शमरोनी स्त्री आणि तिच्याकडे पाणी मागणारा येशू, अशी ती कथा.

त्याच वर्षी २९ सप्टेंबरला रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. महाराष्ट्रात गदारोळ उठला. महात्मा फुले त्यांच्या बाजूने उभे राहिले आणि १८८५ च्या ‘सत्सार’मध्ये त्यांनी या प्रकरणाचा समाचार घेतला. पण विरोधकांनी आणि समर्थकांनीही चर्चा केली ती बहुतेक धर्म सोडण्याची. रमाबाईंनी नेमके काय धरले, याकडे फारसे कोणी पाहिले नाही. रमाबाईंच्या धैर्यावर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे, त्यांच्या शांतीबद्दल जवळजवळ काहीच नाही. खरे तर धैर्य त्यांच्याकडे लहानपणापासून होते. शांती त्यांना बाप्तिस्म्यानंतरही कित्येक वर्षे सापडली नव्हती.

हे धैर्य कुठून आले, ते त्यांच्या घराकडे पाहिले की कळते. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवले आणि त्यापायी स्वजनांचा रोष ओढवून घेतला. मग पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या जंगलात त्यांनी घर केले. तिथे २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाई जन्मल्या. पुढे हे कुटुंब पुराण सांगत तीर्थे हिंडू लागले. वडील म्हातारे झाल्यावर रमाबाईंचे शिक्षण आईने केले आणि कोवळ्या वयात हजारो श्लोक त्यांच्या ओठांवर आले.

मग दुष्काळ आला. १८७४ च्या सुमाराला मद्रास इलाख्यात हे कुटुंब अन्नाला महाग झाले. होते नव्हते ते विकले, देवांपुढे बसून झाले, रानातला पाला खाऊन दिवस काढले. मजुरी करणे ब्राह्मणाला लाजिरवाणे वाटत होते. अखेर वडिलांनी तीर्थात देह ठेवायचे ठरवले. तेव्हा मुलगा श्रीनिवास म्हणाला, मी कुलाचा अभिमान सोडतो आणि मोलमजुरी करतो. त्यांचा तो बेत टळला, पण अंगात भरलेल्या तापाने वडील गेले. काही आठवड्यांत आईही अंथरुणाला खिळली. तिच्यासाठी भाकरीचा तुकडा मागायला रमाबाई एका घरी गेल्या आणि दारात उभ्या राहिल्यावर लाजेने त्यांच्या तोंडून शब्दच फुटेना. घरातल्या बाईने ओळखले आणि बाजरीची भाकरी हातावर ठेवली. आईला ती गिळता आली नाही. आई गेली तेव्हा खांदा द्यायला चार माणसे मिळेनात. दोघे ब्राह्मण कसेबसे तयार झाले, तिसरा श्रीनिवास आणि चौथ्या सोळा वर्षांच्या रमाबाई. उंची कमी असल्याने खांदा पुरेना, म्हणून त्यांनी तिरडीची आपली बाजू डोक्यावर घेतली. स्मशान तीन मैलांवर होते.

पुढे बहीणही गेली. उरलेली दोन भावंडे उत्तरेपर्यंत पायी हिंडली आणि १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचली. तिथल्या पंडितांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेतली आणि तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटले. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केले. तो ब्राह्मण नव्हता आणि त्यांना त्याची फिकीर नव्हती. लग्नाला दीड वर्ष होते न होते तोच तोही गेला. रमाबाई पुण्याला आल्या, आर्य महिला समाज काढला आणि सरकारच्या शिक्षण आयोगापुढे उभे राहून हिंदुस्थानात स्त्री डॉक्टर हव्यात असे ठणकावून सांगितले. या बाईला धैर्य शिकवायला कोणी मिशनरी लागला नव्हता.

हे एवढ्या विस्ताराने सांगायचे कारण, धर्मांतर केल्यावर माणूस निर्भय होतो अशा गोष्टी सोप्या करून सांगितल्या जातात. रमाबाईंची गोष्ट तशी नाही. बाप्तिस्म्यानंतर त्यांचा झगडा थांबला नाही, त्याने फक्त ठिकाण बदलले. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन यांना त्यांनी धर्ममाता मानले होते. या दोघींचा पत्रव्यवहार महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९७७ मध्ये पुस्तकरूपाने छापला आहे, आणि तो वाचताना आजही घाम फुटतो. गुरूच्या देशात, गुरूच्या घरी, गुरूच्या अन्नावर राहून ही शिष्या एकेक सिद्धांत तपासून घेते. मांसमच्छी खात नाही, अंडे घातलेला गोड पदार्थही नाही. क्रूसावर लॅटिन अक्षरे कशाला, संस्कृत का नकोत, असे विचारते. चेल्टनहॅमच्या कॉलेजात त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये असा सल्ला बिशपांकडून आला, तेव्हा आपल्या सदसद्विवेकावर दुसऱ्या कोणाचा ताबा चालणार नाही, असे त्यांनी कळवून टाकले. जेराल्डीनबाईंना यात गर्व दिसला. तो थोडा होताही. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे रमाबाईंनी कोणाच्या धाकाने विश्वास ठेवायला नकार दिला होता. फुलहॅमला त्यांना जो येशू भेटला होता, त्याने त्या शमरोनी बाईला धाक घातला नव्हता.

इंग्लंडहून त्या १८८६ मध्ये अमेरिकेला गेल्या. निमित्त होते आनंदीबाई जोशी यांच्या डॉक्टरकीच्या पदवीदानाचे. तिथे त्यांनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रियांच्या स्थितीवर इंग्रजी पुस्तक लिहिले, गावोगाव व्याख्याने दिली, आणि बॉस्टनमध्ये ‘रमाबाई असोसिएशन’ उभी राहिली. त्या बळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी ‘शारदा सदन’ उघडले. पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई नावाची एक बालविधवा होती. पुढे ती धोंडो केशव कर्वे यांची पत्नी, आनंदीबाई ऊर्फ बाया कर्वे झाली. सदन लवकरच पुण्याला हलले.

बाहेरून पाहणाऱ्याला हे सगळे यशच यश. आत मात्र, त्यांनीच नंतर आपल्या ‘साक्षी’त कबूल केले आहे, मन रिते होते. ख्रिस्ती मंडळींत साक्ष म्हणजे देवाने आपल्याशी काय केले ते चारचौघांत सांगणे. रमाबाईंनी ती १९०७ मध्ये लिहिली. तिच्यात त्या सांगतात की बाप्तिस्मा झाला, ख्रिस्ती धर्म मिळाला, त्याची तत्त्वे बुद्धीला पटली, पण स्वतः ख्रिस्त काही मिळाला नव्हता. आपण पुरेशा चांगल्या नाही ही टोचणी जात नव्हती. व्रते केली, पुण्य जोडले, तीर्थे केली तेव्हा जे मनाला छळत होते तेच उपासना आणि नेमधर्म करतानाही छळत होते. १८९१ च्या सुमारास विल्यम हॅस्लम नावाच्या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मवृत्त त्यांच्या हाती आले. हा माणूस कैक वर्षे चर्चमध्ये प्रवचने देत होता आणि मग एक दिवस त्याला उमगले की दुसऱ्यांना सांगतो ते आपल्यालाच कळलेले नाही. रमाबाईंना आपलेच दुखणे त्यात दिसले. त्यानंतर त्यांनी शुभवर्तमान नव्याने वाचले. त्यांना दिसले की आपण योग्य झाल्यावर देव प्रीती करील असे तिथे कुठेच म्हटलेले नाही. तो आधी प्रीती करतो. विहिरीवरच्या बाईने पाणी देण्याआधीच येशू तिच्याशी बोलायला लागला होता. ही गोष्ट त्यांना आठ वर्षांपूर्वी पाठ झाली होती, आता ती त्यांना लागू झाली.

शांती म्हटल्यावर डोळे मिटून बसलेले कोणी आपल्यासमोर येते. रमाबाईंची शांती अशी नव्हती आणि तिची कसोटी दोनच वर्षांत लागली. पुण्याच्या सदनात धर्माबाबत तटस्थता राखण्याचे वचन त्यांनी दिले होते. पहाटे त्या मनोरमेला घेऊन आपल्या खोलीत बायबल वाचत आणि प्रार्थना करत. खोलीचे दार उघडे असे. काही मुली येऊन बसू लागल्या. या मुली बाटणार, असा पुण्यात बोभाटा झाला. ‘केसरी’ने झोड उठवली. १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांनी सल्लागार मंडळाचे राजीनामे दिले आणि पालकांनी पंचवीसेक मुली काढून नेल्या. यात रानडे आणि भांडारकर यांना खलनायक करणे अन्यायाचे होईल. आईबापांनी त्यांच्या भरवशावर मुली पाठवल्या होत्या, तो भरवसा ढळल्यावर त्यांच्यापुढे दुसरा मार्ग नव्हता. रमाबाईंचे म्हणणे एवढेच होते की मी कोणाला बोलावत नाही, पण माझ्याच घरात, माझ्याच देवाची प्रार्थना दार लावून करणार नाही. पूर्वीच्या रमाबाईंनी या प्रसंगी वाद घातला असता, आणि बहुधा जिंकलाही असता. या वेळी त्यांनी राहिलेल्या मुलींचे वर्ग चालू ठेवले.

आणि मग दुसऱ्यांदा दुष्काळ आला.

१८९६ च्या अखेरीस मध्य प्रांतातून बातम्या येऊ लागल्या. रमाबाईंपाशी पैसा बेताचा होता, शारदा सदन जेमतेम चालत होते. पण बाजरीची भाकरी मागताना जीभ टाळ्याला चिकटलेली ती सोळा वर्षांची मुलगी त्यांच्या आत होती, आणि त्या मध्य प्रांतात गेल्या. सरकारी अन्नछत्रांत आणि मदतकामांच्या जागी त्यांनी पाहिले की एकट्या पडलेल्या पोरींवर टपून बसणारे लोक तिथेही आहेत, आणि मूठभर धान्यासाठी काय काय विकले जाते. त्या मुली गोळा करू लागल्या. मोजणी पुढे शेकड्यांत गेली. त्या दुष्काळात जवळजवळ तीनशे मुली त्यांनी आणल्या.

या मुलींचे वर्णन करताना लेखक मंडळी ‘निराधार बालिका’ म्हणून मोकळी होतात. खरे चित्र तसे गोंडस नव्हते. अंगाला खरूज, डोक्यात उवा, तोंडाला व्रण, पोटे फुगलेली. पोटभर जेवून झाल्यावरही पोरी अन्न चोरून पदराखाली लपवत. शिव्या देत, चावत, पळून जात. आपल्याला खाऊपिऊ घालून धष्टपुष्ट करतील आणि मग उलटे टांगून डोक्यातून तेल काढतील, अशी अफवा त्यांच्यात होती. ती खरी वाटणाऱ्या मुलीला माया दाखवणे म्हणजे काय असते, याचा विचार करावा. गोड बोलण्याने तर तिचा संशय वाढणार. आज न्हाऊ घालायचे, उद्या न्हाऊ घालायचे, महिनाभर तेच करायचे, आणि तिला कळू द्यायचे की कोणीही कोणाचे तेल काढलेले नाही. शारदा सदनातल्या थोरल्या मुलींनी एकेकीने या पोरी वाटून घेतल्या. काल ज्यांना कोणी हात लावत नव्हते त्या विधवा आज दुसऱ्यांची डोकी धूत होत्या. ख्रिस्ती शिष्यपणाचे शिक्षण याहून सरळ कुठे मिळाले असेल असे वाटत नाही. येशूने आपल्या शिष्यांचे पाय धुतले होते आणि तुम्हीही एकमेकांचे धुवा असे सांगितले होते.

पुण्यात त्या वेळी प्लेग होता, त्यामुळे दुष्काळी मुलींना शहरात ठेवायला मनाई झाली. पुण्याहून रेल्वेच्या वाटेवर, आजच्या दौंड तालुक्यात, केडगाव येथे सदनाच्या उत्पन्नासाठी बाग करायला म्हणून रमाबाईंनी शंभर एकरांच्या आसपास माळरान घेऊन ठेवले होते. तिथे छपऱ्या उभ्या राहिल्या. हीच मुक्ती मिशनची सुरुवात.

प्लेगच्याच काळातली आणखी एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. सदनातल्या एका मुलीला प्लेगच्या इस्पितळात नेले गेले आणि तिचा पत्ता लागेना. रमाबाईंनी मुंबईच्या ‘बॉम्बे गार्डियन’ या पत्रात सरकारी व्यवस्थेत बायकांची कशी परवड होते ते उघड लिहिले. साल १८९७, पुण्यात प्लेग अधिकारी रँडचा अंमल. पत्राचे पडसाद ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत गेले आणि गव्हर्नरांनी त्यांचे म्हणणे खोटे ठरवण्याचा प्रयत्न केला. ख्रिस्ती झालेली बाई साहेबांच्या पदराखाली गेली, असा आरोप पुण्यात चार वर्षे चालला होता. साहेबाचाच धर्म पत्करलेल्या या बाईने एका पोरीसाठी साहेबाला जाब विचारला. माया अशी एका माणसापासून सुरू झाली की तिला मग समोर कोण आहे हे पाहायचे भान राहत नाही.

१९०० च्या गुजरातेतल्या दुष्काळानंतर केडगावची वस्ती दीड हजारांवर गेली. विहिरी खणल्या, गाईगुरे आली. मुली कापड विणत, तेलघाणा चालवत, शिवणकाम, दूधदुभते, धुलाई, छपाई करत. नुसत्या दयेवर माणूस उभे राहत नाही, त्याच्या हाताला काम हवे, हे रमाबाईंनी अमेरिकेतल्या शाळा पाहून ओळखले होते. फुलहॅमला पाहिलेल्या घरासारखे एक घर त्यांनी इथे बांधले आणि त्याला ‘कृपासदन’ हे नाव दिले. म्हाताऱ्या आणि अपंग बायकांसाठी ‘प्रीतिसदन’ होते. अंधांसाठी ‘बार्तिमी सदन’ होते. यरीहोच्या रस्त्यावर भीक मागत बसलेल्या ज्या आंधळ्याला येशूने जवळ बोलावले त्याचे हे नाव. मनोरमेने ब्रेल शिकून घेतली आणि तिथल्या मुलींना वाचायला शिकवले.

केडगावात ख्रिस्ती धर्म आडून आडून नव्हता, उघड होता. १९०५ च्या जूनअखेरीस तिथे प्रार्थनेची जी लाट उठली, तिची वार्ता परदेशांतल्या ख्रिस्ती मंडळींपर्यंत पोचली. भुकेल्या पोरीला भाकरीबरोबर धर्मही द्यावा का, हा प्रश्न त्या काळीही विचारला गेला आणि तो विचारण्यासारखाच आहे. रमाबाईंच्या बाजूने एवढे सांगता येते की त्यांनी दिलेला धर्म म्हणजे पाश्चात्त्य पेहराव आणि काटेचमचे नव्हते. त्या स्वतः अखेरपर्यंत पांढऱ्या लुगड्यात आणि शाकाहारी राहिल्या, आणि मुक्तीतले राहणे मराठी बाईचेच राहिले.

शेवटची सतराएक वर्षे त्यांनी एका कामाला वाहिली होती. मराठी बायबल तेव्हाही होते, पण त्यातली भाषा संस्कृताने जड झालेली, खेड्यातून आलेल्या मुलींच्या डोक्यावरून जाणारी. संस्कृतच्या पंडितेनेच ते सोपे करायला घेतले. त्यासाठी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. हाताखाली मुक्तीतल्या मुली तयार केल्या. भाषांतर, खिळे जुळवणे, मुद्रिते तपासणे, छपाई, बांधणी, सगळे केडगावात आणि बायकांच्या हातून. १९१९ मध्ये सरकारने कैसर-ए-हिंद पदक दिले, तेव्हाही हे काम चालू होते.

२४ जुलै १९२१ रोजी मनोरमा वारली. चाळिशीची, आईचा उजवा हात, मुक्तीचा कारभार पुढे जिच्यावर यायचा ती. ज्या बाईने आई, बाप, बहीण, भाऊ, नवरा यांना पोचवले तिने आता एकुलती एक मुलगी पोचवली. चरित्रकारांनी रमाबाईंच्या त्यानंतरच्या महिन्यांतल्या शांतपणाबद्दल लिहिले आहे. त्यात दुःख नव्हते असे समजायचे कारण नाही. तब्येत ढासळली होती, कान जवळजवळ गेले होते, आणि मुद्रितांचा गठ्ठा पुढ्यात होता. अखेरची पाने तपासून पूर्ण व्हावीत एवढाच अवधी त्यांनी देवाकडे मागितला असे चरित्रकार सांगतात. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या झोपेतच गेल्या.

बायबल १९२४ मध्ये छापून पूर्ण झाले. ते छापणाऱ्या मुलींपैकी कित्येकजणी दुष्काळात केडगावला आल्या तेव्हा त्यांना अक्षरओळखही नव्हती.